१८ पैकी ३

जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात मैदानावर पाय ठेवायची सोय नसते. अजिंक्यतारा धुक्यात, ट्रॅकवर चिखल. तेव्हा मी बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होणाऱ्यांच्या, वर्गाची मानसशास्त्राची प्रात्यक्षिकं उरकून घेते. त्या दिवशी मानसशास्त्रज्ञ विटकिन आणि सहकाऱ्यांची १९७१ ची चाचणी होती. गिचमिड रेघांत लपलेला साधा आकार शोधून पेन्सिलीनं गिरवायचा. सरावाच्या ७ आकृत्या सोडून १८ गुणांसाठी धरायच्या.

माण तालुक्यातल्या एका खो-खो खेळणाऱ्या मुलीच्या ३ आल्या. "मॅडम, रेघांत रेघा मिसळत्यात, सुट्या होतच न्हाईत." तिच्या शेजारच्या तिरंदाजाच्या १६. मी तिच्या जर्नलमध्ये शेरा मारला: आकलन कमी.

पुढच्या आठवड्यात जवळच्या शाळेत तिचा शिकवण्याचा सराव पाठ होता. सहावीचा वर्ग, कवायत, हात वर-खाली. मागच्या रांगेतली एक पोरगी उजवा हात खांद्याच्या वर नेईना. निरीक्षण वहीत मी लिहिलं, 'चूक दुरुस्त केली नाही.' तेवढ्यात हिनं शिट्टी दिली, कवायत थांबवली आणि सगळ्यांना जागेवर धावायला, मग लंगडीला लावलं. पाठाच्या टाचणात यातलं काहीच नव्हतं.

पाठ संपल्यावर मी जाब विचारला. ती हळूच म्हणाली, "तिची बाही काखेत उसवलीय, मॅडम. मला आधी बाही न्हाई दिसली. तिचं तोंड दिसलं."

मी तिथं अर्धा तास उभी होते. मला हात दिसला होता, एवढंच.

विटकिन यांनी क्षेत्रावलंबी आणि क्षेत्रस्वतंत्र अशा दोन शैली मांडल्या, त्यात पास-नापास नव्हतं. आकृती पार्श्वभूमीतून चटकन सुटी करणारे क्षेत्रस्वतंत्र टोकाला; दुसऱ्या, क्षेत्रावलंबी टोकाचे लोक भोवतालासकट बघतात आणि माणसांच्या चेहऱ्यांकडे त्यांचं लक्ष जास्त जातं, असं त्यांच्या संशोधनात आहे. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, आणि जर्नल तपासताना मात्र गुणांना अक्कल समजले. एका पाठावरून सिद्ध काहीच होत नाही, हेही खरं. पण 'आकलन कमी' हे तर त्या ३ गुणांवरूनही सिद्ध होत नव्हतं.

त्या संध्याकाळी सगळी जर्नलं परत मागवली. आणखी चौघांच्या वह्यांत माझा तोच शेरा निघाला. पाचही खोडले, शेजारी सही केली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात का खोडले ते सांगितलं.