वाघासाठी उभं राहा, अस्वलासाठी पालथं पडा

मी वनरक्षक आहे. ब्रह्मपुरी तालुक्यातली माझी बीट, म्हणजे माझ्याकडे राखायला दिलेला जंगलाचा भाग: एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल आणि मध्ये मोहाची झाडं. मोहफूल रात्रीपासून सकाळपर्यंत गळतं. उशीर झाला की गुरं खातात, म्हणून बाया अंधारातच टोपली घेऊन निघतात. अस्वलही त्याच वेळी, त्याच फुलांसाठी येतं. हंगामाआधी आम्ही गावात सभा घेतो. एकटं जाऊ नका, बोलत-खोकलत जा, वाघ दिसला तर वाकू नका, बसू नका, पळू नका. 2021च्या नोव्हेंबरात ताडोब्यात पायी सर्वेक्षण करताना आमच्याच एका वनरक्षक ताईला वाघिणीनं मारलं. तेव्हापासून माझ्या सभेत वाघाचंच बोलणं जास्त असतं.

त्या सकाळी फोन आला तेव्हा मी वनमजुरासोबत गस्तीवरच होते. पोहोचले तर साठीच्या एक आजी मोहाच्या बुंध्याला टेकून बसलेल्या, सून पदरानं त्यांचं डोकं दाबून धरलेली. दंडावरच्या जखमेत कुणीतरी हळद भरली होती. ती सगळी साबण आणि कॅनच्या पाण्यानं धुवून काढली, चांगली पंधरा मिनिटं. अस्वलाच्या चाव्यालाही रेबीजची लस लागते आणि तिच्याआधी हे धुणं लागतं, हे सांगून सांगून माझा घसा बसला, पण हळद भरली की उपचार झाला असंच लोकांना वाटतं.

आजींचा चेहरा शाबूत होता. अस्वलाच्या तावडीतून सुटलेल्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत, म्हणून मला ते नवल वाटलं. मग बाजूला पडलेलं टोपलं उचललं. बुडाच्या बांबूच्या पट्ट्या आत मोडलेल्या, त्यांच्यात काळे राठ केस अडकलेले, आतल्या फुलांचा चिखल झालेला. आजी म्हणाल्या, "आवाज आला तं मले वाटलं वाघच हाये. तुम्हीच सांगतलं होतं ना मॅडम, उभी राय म्हणून. मी उभी रायली. मंग ते दोन पायावर उभं झालं तवा समजलं. माह्या बापानं सांगतलं होतं, अस्वल तोंड फोडते, तोंड मातीत लपव. टोपलं डोक्यावर घेतलं अन् पालथी पडली." सून पळाली नाही. डबा बडवत, ओरडत तिथंच उभी राहिली आणि अस्वल निघून गेलं. ही पोरगी नसती तर मला वेगळा पंचनामा करावा लागला असता.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी जागा नीट पाहिली. मोहापासून दहा-बारा पावलांवर वारूळ, ताजं उकरलेलं. त्याच्या आडून ते आलं. मऊ मातीत पाचही बोटं जवळपास एका ओळीत, पुढे लांब नखांच्या खुणा. वाघाचं नख असं उमटत नाही. आणि नाल्याच्या काठावर तसेच, पण इवलेसे ठसे. पिलांची आई होती. अस्वलाला दिसतं कमी, ऐकूही कमी येतं. वारूळ फुंकून वाळवी खाण्यात गुंतलं की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता नसतो आणि दचकलं की ते पळत नाही, अंगावर येतं. गावात मात्र संध्याकाळपर्यंत 'पिसाळलेलं अस्वल' झालं होतं आणि त्याला पकडा म्हणून मागणी सुरू झाली. एका साहेबांनी विचारलं, "त्या जंगलात काय करत होत्या?" मोह वेचत होत्या. गौण वनउपजाचा तो हक्क 2006च्या वनहक्क कायद्यानं दिलेला आहे. पंचनाम्यात मी तेवढंच लिहिलं, 'निष्काळजीपणा' हा शब्द लिहिला नाही.

माझ्या डोक्यातून जात नाही ते वेगळंच. वाघासमोर ताठ उभं राहायचं, नजर न हटवता मागे सरकायचं. अस्वल दूर असेल तर तसंच सरकायचं, पण अंगाला भिडलं की पालथं पडून मान आणि तोंड झाकायचं. झाडावर चढण्यात अर्थ नाही, तेही चढतं. उतारावर पळालं तर केस त्याच्या डोळ्यांवर येतात, हे गावातलं सांगणं तर जीवच घेईल. हे सगळं वाकून फुलं वेचणाऱ्या बाईनं, अंधारात, पाचोळा वाजल्याबरोबर ठरवायचं. कानावर भरवसा ठेवा म्हणते मी: वाघ वाजत नाही, अस्वलाचं फुसफुसणं दुरून ऐकू येतं. पण दोघी सतत बोलत असतील तर तेही ऐकू येणार नाही. आणि तरीही बोलतच जायला हवं, कारण अस्वलाला आधी कळलं तर तेच बाजूला होतं.

पुढच्या सभेत मी सुनेला पुढे बसवलं आणि ते टोपलं सगळ्यांच्या हातातून फिरवलं. झाडाखाली जाळी बांधली तर उजाडल्यावर वेचता येईल, असंही सांगितलं. आजी डोक्याला पट्टी बांधून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जाळीतलं फूल अस्वल सोडते का, मॅडम?" सोडत नाही. पण तेव्हा जाळीशी ते एकटं असेल, बाई घरी असेल. गावालगतच्या झाडांसाठी जाळ्यांची मागणी मी वर पाठवली आहे.