वॉशर तपासणी यंत्र: कॅमेऱ्याआधी दिवा

सरकत्या पट्ट्यावरचे एम६ (६ मिमी बोल्टचे) वॉशर तपासायच्या यंत्राचं सामान आता जवळपास ठरलंय. काठाचा टवका उडालेला किंवा चुकून मिसळलेला एम५ ओळखायचा, एवढंच त्याचं काम.

कॅमेरा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरसाठीचा ग्लोबल शटर, म्हणजे सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारा; आत सोनीचा आयएमएक्स२९६ सेन्सर. १४५६ × १०८८ पिक्सेल, म्हणजे जेमतेम दीड मेगापिक्सेल. त्यांचाच १२ मेगापिक्सेलचा एचक्यू कॅमेरा मोह घालतो, पण त्याचं शटर रोलिंग. ओळी एकामागून एक टिपल्या जातात आणि पळता गोल वॉशर लंबगोल दिसतो. मापाच्या कामात तिथेच विषय संपला.

सेन्सरची रुंदी सुमारे ५ मिमी. मला ६० मिमी रुंदी बघायचीय, म्हणजे एका पिक्सेलला ०.०४ मिमी. १६ मिमीची सी-माउंट लेन्स लावली की कॅमेरा साधारण २० सेंमी उंचीवर बसतो आणि ०.२ मिमीचा टवका पाच पिक्सेल व्यापतो. पुरे आहे. पण पट्टा सेकंदाला २०० मिमी धावतो. एक्स्पोजर, म्हणजे सेन्सर उजेड घेतो तो वेळ, १ मिलिसेकंद ठेवलं तर तेवढ्यात वॉशर ०.२ मिमी पुढे जातो आणि टवका धुरकट होऊन जातो. १०० मायक्रोसेकंदांत मात्र तो अर्धा पिक्सेलच सरकतो.

इतक्या कमी वेळात उजेड पुरवायचा, म्हणून सगळ्यात जास्त विचार आणि पैसा दिव्यावर घालवा असं माझं ठाम मत आहे. वरून प्रकाश टाकला की झिंक प्लेटिंग चमकतं आणि कडा हरवतात. म्हणून पट्टा दुधी घेतला, खाली बॅकलाइट. वॉशरची काळी आकृती स्वच्छ मिळते. लाल दिव्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो, तो मोनोक्रोम, म्हणजे कृष्णधवल सेन्सरसाठी. हा सेन्सर रंगीत आहे, त्यात चारातल्या एकाच पिक्सेलवर लाल फिल्टर असतो, म्हणून लाल उजेडात तेवढाच नीट काम करेल. म्हणून पांढरा. ड्रायव्हरही स्थिर करंटचा हवा. पीडब्ल्यूएमने, म्हणजे भराभर चालू-बंद करून मंद केलेला एलईडी १०० मायक्रोसेकंदांच्या फ्रेममध्ये कधी पेटलेला सापडतो, कधी विझलेला.

अ‍ॅपर्चर एफ/४. एफ/८ला लेन्सचं छिद्र लहान होऊन फोकसची खोली जास्त मिळते, पण विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रकाशाचा ठिपका तीन पिक्सेलांएवढा पसरतो.

टेलिसेंट्रिक लेन्स, म्हणजे वस्तू जवळ-दूर असली तरी सारख्याच मापाची दाखवणारी, सध्या नाही. तिची पुढची काच निदान बघायच्या क्षेत्राएवढी मोठी लागते, आणि ६० मिमीला ती फार महाग पडते. वॉशर १.६ मिमी जाड, त्यामुळे वरची कड साध्या लेन्सला दोनेक पिक्सेल मोठी दिसते. सगळे सपाट पडलेले असले की कॅलिब्रेशनमध्ये ते निघून जातं. दोन एकमेकांवर चढले तर आकृतीच बिघडते, ते तसेही बाद.

आता ट्रिगर, म्हणजे फोटो कधी टिपायचा तो इशारा. तो पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड देणार. कॅमेऱ्याची ट्रिगर घेणारी एक्सटीआर पिन १.८ व्होल्टची आणि पिकोची जीपीआयओ (सिग्नलची पिन) ३.३ व्होल्टची, त्यामुळे मध्ये व्होल्टेज डिव्हायडर बसवतोय. पल्सचं व्होल्टेज जितका वेळ खाली तितकं एक्स्पोजर, अधिक १४.२६ मायक्रोसेकंद. म्हणजे १०० हवे असतील तर ८६चा पल्स. पिकोवर तोच कोड लिहितोय.