धरते ते ठीक, पण सोडते कसे?

नागपूरहून हैदराबादला मी वर्षातून तीन-चार वेळा मोटरसायकलने जातो. बुटीबोरी, हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा असे करत राष्ट्रीय महामार्ग ४४ आदिलाबादकडे उतरतो. एकूण अंतर सुमारे पाचशे किलोमीटर, बहुतेक रस्ता चौपदरी आणि सरळ. हा सरळपणाच उजव्या हाताला भोवतो. वळणांच्या रस्त्यावर ॲक्सिलरेटरची मूठ सतत मागेपुढे होत राहते आणि मनगटाला नकळत विश्रांती मिळते. सपाट रस्त्यावर मात्र ती एकाच कोनात तासभर धरून बसावे लागते. पांढरकवडा येईपर्यंत माझी करंगळी आणि अनामिका बधिर झालेली असायची, आणि चहाचा ग्लास मी डाव्या हाताने उचलायचो.

समृद्धी महामार्ग आपल्या नागपूरच्या उंबरठ्यावर सुरू होतो, ७०१ किलोमीटर लांब आहे आणि क्रूझ कंट्रोल, म्हणजे मूठ न धरता गाडीचा वेग कायम ठेवणारे यंत्र, जणू त्याच्यासाठीच जन्माला आले असावे असे वाटते. पण त्यावर दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणून आमच्यासारख्यांचा सगळा हिशेब ४४ क्रमांकाशीच.

आधी मी स्वस्तातले उपाय करून पाहिले. तळहाताने दाबायची प्लॅस्टिकची पट्टी मुठीवर बसवली. ती बोटांना आराम देते, पण खड्ड्यात हात आपटला की गाडी अनाहूत पुढे झेपावते. मग मूठ घर्षणाने जागच्या जागी धरून ठेवणारे लॉक आणले. त्यात एक मूलभूत उणीव आहे, आणि घेण्यापूर्वी ती मला कोणी नीट समजावून सांगितली नव्हती: असे लॉक मुठीची जागा धरते, गाडीचा वेग धरत नाही. उड्डाणपुलाच्या चढावर ७५ चे ६५ होतात, उतारावर ८५ होतात, आणि चौपदरी रस्त्यावर दुचाकीची कमाल मर्यादा २०१८ च्या अधिसूचनेनुसार ८० आहे. म्हणजे मनगट वाचवायला जावे आणि दंडाची पावती घरी यावी.

अलीकडच्या गाड्यांत हा प्रश्न कारखान्यातच सुटतो. मुठीपासून इंजिनापर्यंत ओढायची केबल नसून विजेची वायर असेल, तर वेग धरणे हे मुख्यतः संगणकाचे काम उरते. २०२५ मध्ये हीरोने १२५ सीसीच्या ग्लॅमर एक्समध्येही ही सोय दिली. माझी सहाशे पन्नास सीसीची दोन सिलिंडरची गाडी मात्र केबलवाली. तिच्यासाठी कोणीतरी प्रत्यक्ष केबल ओढावी लागते, आणि ती ओढण्याचे काम व्हॅक्यूमवर चालणारा सर्व्हो करतो. हा प्रकार मुळात मोटारींचा. इंजिन हवा आत खेचते तेव्हा इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या नळीत, जो व्हॅक्यूम तयार होतो, तो एका डब्यातल्या रबरी पडद्याला आत ओढतो. पडद्याला केबल जोडलेली असते आणि केबलच्या टोकाची बारीक मण्यांची साखळी ॲक्सिलरेटरच्या चकतीला. वेग कमी पडला की विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह पडद्याला आणखी ओढू देतात, वाढला की थोडी हवा आत सोडतात.

क्रूझ कंट्रोलचा शोध लावणारे अमेरिकन अभियंते राल्फ टीटर लहानपणापासून अंध होते. शेजारी बसून मोटारीचे हिसके अनुभवताना त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. १९५० मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या मोटारींत ते यंत्र आले. वेगातला चढउतार पाहण्यापेक्षा तो अंगाने जास्त कळतो, हे माझ्या मनगटाला त्यांच्याइतकेच पटलेले आहे.

अशा सर्व्होचे क्रूझ कंट्रोलचे किट मी मागवले आणि ते हाती आल्यावर नागपूरजवळच्या वाडीला गेलो. तिथे ट्रकच्या वायरिंगची कामे करणारे एक ओळखीचे भाऊ आहेत. त्यांनी खोके उघडले, सर्व्हो हातात फिरवून पाहिला, साखळी बोटांनी दोनदा ओढली आणि म्हणाले, “हात दुखून राहिला म्हणून एवढं?” मी होकार दिला. तेव्हा ते म्हणाले, “धरते ते ठीक आहे जी. पण सोडते कसं, ते सांगा ना.” मला नीट सांगता आले नाही. पुढचे तीन आठवडे मी त्याच प्रश्नाचे उत्तर बसवत होतो. वेग धरण्याचा भाग दोन रविवारांत उरकला होता.

तो भाग आधी थोडक्यात सांगतो. सर्व्हो सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर, मागच्या लगेज फ्रेमच्या आतल्या बाजूला बसवला आणि केबल कुठेही तीव्र वळण न देता पुढे आणली. व्हॅक्यूम साठवायला टाकी लागते, कारण मूठ जास्त उघडली की इनटेकमधला व्हॅक्यूम कमी होतो आणि नेमक्या त्याच वेळी सर्व्होला ताकद हवी असते. ही टाकी मी नळकामाच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा कापून, दोन्ही टोकांना टोपणे सोल्युशनने चिकटवून घरीच केली. इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये हवा एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घातला. नळी मात्र साधी रबरी घेऊ नये. नवतप्यात नागपुरात उन्हात उभ्या केलेल्या गाडीखाली स्वस्त रबर पापडासारखे होते, म्हणून सिलिकॉनचीच घ्यावी. मागच्या चाकाच्या डिस्कच्या दोन बोल्टवर एम-सीलने चुंबके बसवली आणि त्यांच्यासमोर वेग मोजणारा सेन्सर. साखळीत किंचित ढील ठेवावी लागते: जास्त ठेवली तर बटण दाबल्यावर गाडी आधी वेग टाकते आणि मग पकडते, आणि अजिबात नसेल तर मूठ सोडूनही इंजिन आयडलला येत नाही. हे जमायला मला चार वेळा पेट्रोलची टाकी उतरवावी लागली.

आता सोडण्याचे. किटमधली एक वायर ब्रेक लाइटच्या वायरला जोडायची असते. ब्रेक दाबलेला नसताना त्या वायरला दिव्याच्या तारेतून अर्थिंग मिळते. दाबला की बारा व्होल्ट येतात आणि यंत्र वेग सोडते. यात एक चतुर योजना दडलेली आहे. दिवाच जळालेला असेल तर अर्थिंग मिळत नाही, आणि यंत्र वेग धरायलाच नकार देते. माझ्या गाडीतही त्याने नकार दिला. मी तीन संध्याकाळी सेन्सर, चुंबके, व्हॅक्यूम सगळे तपासले. दिवा तर छान पेटत होता. मग लक्षात आले की मागच्या वर्षी हौसेने मीच मूळ बल्ब काढून एलईडीचा लावला होता. एलईडीत तार नाही, म्हणून यंत्राला हवी तशी अर्थिंगची वाट नाही. सीताबर्डीवरून पाच पिनांचा साधा रिले, म्हणजे विजेने पलटणारा खटका, आणला आणि त्याच्या एरवी जोडलेल्या असणाऱ्या संपर्कातून यंत्राला अर्थिंग दिले. ब्रेक दाबला की रिले पलटतो आणि त्याच वायरवर बारा व्होल्ट जातात. पुढचा लिव्हर आणि मागचे पेडल दोन्ही वेगवेगळे दाबून पाहिले. रिले बसवला त्या दिवसापासून ब्रेकच्या भरवशात आणखी एक हलता भाग आला, हे मात्र मला आजही पूर्ण आवडलेले नाही. जुना बल्ब परत लावणे जास्त शहाणपणाचे होते.

क्लचचा धडा जामठ्याच्या पुढे मिळाला. रविवारी सकाळी सहाला रस्ता मोकळा होता, ६० वर बटण दाबले, गाडीने वेग धरला आणि मी हेल्मेटच्या आत हसलो. मग समोर ट्रॅक्टर दिसला आणि सवयीने आधी क्लच ओढला. चाकाचा वेग पडू लागला, यंत्राला वाटले गाडी दमली, आणि त्याने केबल आणखी ओढली. भार सुटलेले इंजिन अक्षरशः किंचाळले. दुसऱ्या क्षणी ब्रेक दाबला आणि सुटलो. मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरला हा प्रश्न येत नाही, मोटरसायकलला येतोच. क्लच लिव्हरखाली स्टार्टरसाठी आधीच एक स्विच असतो. त्यावरून दुसरा रिले चालवून क्लचलाही ब्रेकसारखाच वेग सोडण्याचा अधिकार दिला.

किटवरच्या पांढऱ्या छोट्या खटक्यांनी यंत्राची तत्परता ठरवता येते. पहिल्यांदा ती जास्त ठेवली, तेव्हा गाडी ७० आणि ७८ यांच्यामध्ये झोपाळ्यासारखी झुलत राहिली. एक पायरी उतरवल्यावर स्थिरावली.

हे सगळे झाल्यावर जबलपूरची फेरी केली. मनसरच्या पुढे पेंचच्या जंगलात जिथे प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून महामार्गच उचलून धरला आहे, तिथे गाडी ७० वर इतकी शांत चालली की मला पहिल्यांदाच टायरचा आवाज वेगळा ऐकू आला. कुरईच्या घाटात मात्र यंत्र हरले. चढ लांब, मूठ बरीच उघडी, व्हॅक्यूम संपला, आणि वेग हळूहळू उतरत गेला. तिथे हाताने चालवणेच बरे. शहरात आणि पावसात मी ते मुळातूनच बंद ठेवतो.

परतल्यावर वाडीला गेलो. भाऊंनी गाडी मेन स्टँडवर घेतली, मागचे चाक हवेत फिरवले आणि मला वेग धरायला सांगितला. पुढचे चाक थांबलेले असल्यामुळे एबीएसचा दिवा तक्रार करत होता. त्यांनी लिव्हर दाबला, सुटले. पेडल दाबले, सुटले. क्लच ओढला, सुटले. किल स्विच मारला, इंजिनच थांबले. वीज गेली की व्हॉल्व्ह आपोआप उघडून हवा आत घेतो, हे मी कागदावर वाचले होते आणि त्यांना पुन्हा पुन्हा सांगितले होते. करून मात्र पाहिले नव्हते. त्यांनी मला परत वेग धरायला लावला, सीटखाली हात घातला आणि काही न सांगता यंत्राचा फ्यूज उपटला. फुस्स असा बारीक आवाज आला, साखळी सैल पडली आणि इंजिन आयडलवर उतरले. त्यांनी फ्यूज पुसून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “आता जा जी हैदराबादला.”