सहा मिलिमीटरच्या प्लायची होडी

हौशी माणसाने घरी शिडाची होडी बांधायची ठरवली, तर एका धडाच्या, म्हणजे पाण्यात तरंगणारा एकच सांगाडा असलेल्या, होडीपेक्षा दोन धडांची कॅटॅमरन त्याला अधिक झेपते, हे माझे मत आमच्याकडच्या जुन्या सुतारांना अजून पटलेले नाही. एका धडाची होडी वाऱ्याने कलंडू नये म्हणून तिच्या तळाला बहुधा शिशाचे किंवा लोखंडाचे अवजड वजन लावावे लागते, आणि ते ओतणे, उचलणे, बसवणे हे घरगुती साधनांचे काम नव्हे. कॅटॅमरन आपला तोल रुंदीवर सांभाळते. शिवाय तिची धडे स्वतंत्रपणे बांधता येतात, त्यामुळे रत्नागिरीजवळच्या आमच्या खळ्यात मांडवाखाली एका वेळी एकच धड मावत असले तरी काम अडत नाही.

मी घेतलेला आराखडा जेम्स व्हॅरम या ब्रिटिश आरेखकाचा, टिकी २१. व्हॅरम यांनी साडेतेवीस फुटांची ‘टांगारोआ’ स्वतः बांधून १९५०च्या दशकात दोन जर्मन साथीदार स्त्रियांसह तिच्यातून अटलांटिक ओलांडला. त्रिनिदादला पोहोचलेली ती होडी समुद्री किड्यांनी पोखरली, तेव्हा त्यांनी तिथेच ‘रोंगो’ ही चाळीस फुटी कॅटॅमरन बांधली आणि १९५९ मध्ये उत्तर अटलांटिकमार्गे परतले. पुढे त्यांनी आयुष्यभर हौशी लोकांसाठी आराखडे काढले. टिकी २१ अवघी एकवीस फुटांची. पण रॉरी मॅकडूगल यांनी स्वतः बांधलेल्या अशाच होडीतून १९९१ ते १९९७ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली.

धड बांधण्याची रीत शिवणकामाची आहे. सहा मिलिमीटर प्लायचे कापलेले तुकडे कडेला बारीक भोके पाडून तांब्याच्या तारेने टाचायचे, आतल्या कोनात इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव्ये कालवून घट्ट होणारी चिकट राळ, घेऊन तिच्यात लाकडाचा भुसा मिसळून तिचे गोलसर लुकण भरायचे आणि वरून काचकापडाची पट्टी चिकटवायची. मासेमारीच्या होड्या बांधण्यात हयात घालवलेल्या शेजारच्या काकांनी तो प्लाय बोटांनी वाकवून पाहिला आणि विचारले, “ह्यात आंबे भरून पाठवायचेत काय?” वास्तविक फळ्या काथ्याने शिवून गलबते बांधणे या समुद्राला मुळीच नवे नाही, आणि आडव्या वाशांना सुंभाने बांधलेली उलांडी, म्हणजे होडीचा तोल राखणारा बाजूचा ओंडका, तर काकांनी लहानपणापासून पाहिलेली. टिकीचे आडवे वासेही धडांना बोल्टने जखडायचे नसतात. ते दोरीनेच आवळून बांधतात, म्हणजे लाटेचा हिसका एकाच भोकाभोवती न साठता दोरीच्या सगळ्या फेऱ्यांत विभागला जातो. हे एकदा समजावल्यावर काकांनी दोरीबद्दल तक्रार केली नाही. प्लायबद्दलची तक्रार मात्र कायम आहे.

त्यांचा आग्रह असतो की जाड घाला. हौशी माणसालाही आतून तेच वाटत असते, आणि दोन धडांच्या होडीचा घात तिथेच होतो. अरुंद धडे थोड्या जादा वजनानेही खोल बसतात, मग होडीचा वेग जातो आणि मधल्या वाशांवर लाटा आदळू लागतात. म्हणून आराखड्यात नसलेली फळी मी ताणकाट्यावर तोलल्याशिवाय धडात जाऊ देत नाही.

प्लायच्या निवडीत मात्र कंजुषी नको. ‘आयएस ७१०’ हा मरीन प्लायचा शिक्का पाहून थांबू नये. नमुन्याचा तुकडा कापून कडेला पोकळ्या आहेत का ते पाहावे आणि तो पातेल्यात तासन् तास उकळावा. एका दुकानदाराने शिक्क्यासह दिलेल्या नमुन्याचे पदर संध्याकाळपर्यंत सुटे झाले होते.

इपॉक्सीचे कोकणाशी जमणे त्याहून कठीण. दमट हवेत वाळताना अनेक प्रकारांच्या इपॉक्सीवर मेणासारखा ओशट थर येतो. तो आधी पाण्याने धुवावा लागतो, कारण तसाच पॉलिश पेपर मारला तर तो कागदात भरतो, पृष्ठभागावर पसरतो आणि पुढचा थर धरत नाही. उलट एप्रिल-मे महिन्यांत खोलगट डब्यात कालवलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडत घट्ट होते, त्यामुळे ते थोडे थोडे कालवून लगेच पसरट ताटलीत ओतावे. पावसाळ्यात मी चिकटवण्याचे काम बंदच ठेवतो.

एक धोका हौशी मंडळी हसण्यावारी नेतात. तळाला वजन असलेली होडी उलटली तरी बहुधा पुन्हा सरळ होते. कॅटॅमरन पूर्ण उलटली की समुद्रात उलटीच राहते. शीड वेळेत लहान करणे किंवा उतरवणे हाच यावरचा उपाय, आणि म्हणूनच होडीतले इतर सगळे मी घरी करत असलो, तरी शीड अनुभवी कारागिराकडून शिवून घेणार आहे. ते लहान करण्यासाठीच्या दोऱ्यांच्या दोन ओळी त्यात पहिल्यापासूनच असतील.