आधी पाय बघा

आठवडी बाजारात, दूध डेअरीवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला एकच विचारतात : "राजहंसाचं पिल्लू घरात वाढवलंत म्हणे. काय खाऊ घातलं त्याला?" खाण्याचं सांगतेच. पण आधी त्याच्या पायांचं सांगते. पिल्लू हातचं जातं ते बहुतेकदा पायांवरून.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडचं, धानाचं आणि बोड्यांचं, म्हणजे छोट्या तळ्यांचं. माहेरहून राजहंसाची चार अंडी आणली आणि खुडूक गावठी कोंबडीखाली घातली. एवढं मोठं अंडं कोंबडीला उलटवता येत नाही, म्हणून एका बाजूला कोळशाने फुली काढून दिवसातून तीनदा मीच उलटवत होते. तिसाव्या दिवशी एकाला टवका गेला. कवच सोलून द्यावं असं फार वाटलं, पण सासूबाईंनी हात धरला. "त्याचं त्याले येऊ दे." त्यांचं खरं होतं. त्या वेळात पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं, आणि कवचाच्या आतल्या पडद्यातलं रक्त आटायचं असतं. घाई केली तर रक्तस्राव होतो. आमच्या पिल्लाला बाहेर यायला पुरता एक दिवस लागला. बाकीची तीन अंडी फुटलीच नाहीत, आणि कोंबडीने या एकाला चोची मारून हाकललं. मग ते घरात आलं.

खोक्यात मी वर्तमानपत्र अंथरलं. चूक झाली ती तिथेच. गुळगुळीत कागदावर त्याची पावलं धरेनात. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पिल्लू पोटावर पसरलेलं, उजवा पाय पार बाजूला गेलेला, आणि उठायच्या धडपडीत चोच कागदावर आपटत होती. माझ्या पोटात कालवलं. जुन्या सुती साडीची बोटभर रुंद पट्टी फाडली, दोन्ही पायांत दोन बोटांचं अंतर ठेवून आठाच्या आकड्यासारखी सैल बांधली, आणि खाली धुतलेला बारदाना घातला. चार दिवस रोज पट्टी सोडून पाय चोळत होते, पुन्हा बांधत होते. हाडं कोवळी असतात तोवरच हे जमतं. तुमच्याकडे पिल्लू निघणार असेल तर बारदाना आजच धुऊन ठेवा.

आता खाणं. पहिला दिवसभर पोटातल्या बलकावर भागतं. त्यानंतर मी कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य ओलं करून दिलं. पण कोंबडीच्या पिल्लापेक्षा राजहंसाला नायसिन, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, जास्त लागतं. ते कमी पडलं की सांधा सुजतो, पाय धनुष्यासारखे वाकतात. म्हणजे पुन्हा पायच! पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारून मी खाद्यात ब्रूअर्स यीस्टची (बिअर बनवताना वापरतात त्या यीस्टची) पूड मिसळू लागले, त्यात नायसिन असतं. खाद्य घेताना त्यात औषध घातलेलं नाही ना, हेही विचारून घ्या. जोडीला कोवळी हरळी कात्रीने बारीक कातरून आणि चिमूटभर वाळू. राजहंस मुळात गवतावर जगणारा पक्षी. कुबट वास आलेली शेंगदाण्याची ढेप मात्र चुकूनही नको, तिच्यातल्या बुरशीचं विष या पिल्लांना फार लवकर बाधतं.

पहिल्या आठवड्यात ऊब ३२ ते ३४ अंश, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. मी साठ वॅटचा बल्ब टांगला होता. पिल्लू बल्बखाली अंग चोरून बसलं तर त्याला थंडी वाजतेय, कोपऱ्यात चोच उघडून धापा टाकत असेल तर उकडतंय. आपल्याकडे मार्चची दुपार आणि मार्चची पहाट यांत फार फरक, म्हणून बल्ब दुपारी बंद, रात्री चालू. लाइट गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची. पाण्याचं भांडं असं हवं की नाकपुड्या बुडतील, पण पिल्लू बुडणार नाही. पोहायला सोडू नका. आईच्या पंखांखाली पिलांच्या लवेला तेल लागतं. आपल्या पिल्लाला ते मिळत नाही, भिजलं की गारठतं.

आणि सोबत. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांनी १९३५ साली लिहून ठेवलंय की राजहंसाचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर जे हलतं-बोलतं पहिल्यांदा बघेल, त्यालाच आई मानून मागे लागतं. १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. माझ्या पिल्लाने माझ्या चपला धरल्या. मी विहिरीवर गेले की तेही विहिरीवर, चुलीशी बसले की अंगठ्यावर मान टाकून झोपणार. दिसेनाशी झाले की असं काही ओरडायचं की सांगता सोय नाही. शेतावर कामाला गेलेली बाई दिवसभर पिल्लाजवळ कशी बसेल? खोक्यात आरसा ठेवला, दोन दिवस त्यावर भागलं. शेवटी जवळच्या गावातून त्याच्याच वयाचं दुसरं पिल्लू आणलं. त्या रात्री दोघं एकमेकांच्या मानेवर मान टाकून गप्प झोपली, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मीही झोपले. म्हणून एकटं पिल्लू मागणाऱ्याला मी आता देत नाही.

तीन वर्षं झाली. पहिलं पिल्लू मादी निघालं. तिचा उजवा पाय अजूनही किंचित बाहेर पडतो. पाऊस पडून गेल्यावर बोडीच्या ओल्या पाळीवर तिची पावलं मला लगेच ओळखू येतात.