रेव्हिटमध्ये खोलीनिहाय प्लास्टरचं मोजमाप : माझा अनुभव

रेव्हिट म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर. मॉडेलमध्ये भिंत आहे, भिंतीवर रंग आहे, रंगाचं क्षेत्रफळही शेड्यूलमध्ये (मॉडेलमधून निघणाऱ्या तक्त्यात) येतं. पण तो रंग कुठल्या खोलीतला, हे रेव्हिट सांगत नाही. फ्लोअरिंग, सिलिंग, दरवाजे-खिडक्यांची यादी, सगळं सरळ निघालं. अडलं ते फक्त इथे, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही. बिल तपासणारा ‘बेडरूम दोनचं प्लास्टर किती?’ असं विचारतो. भिंतीचा आयडी घेऊन तो काय करणार?

पेंट टूलचा रस्ता पहिल्यांदा सगळेच धरतात. फेसवर (भिंतीच्या एका बाजूच्या पृष्ठभागावर) प्लास्टरचं मटेरियल रंगासारखं लावायचं, मटेरियल टेकऑफ (मटेरियलनिहाय शेड्यूल) काढायचा, ‘मटेरियल: ॲज पेंट’ला ‘येस’चा फिल्टर लावायचा आणि ‘मटेरियल: एरिया’ची बेरीज घ्यायची. अख्ख्या इमारतीचा एक आकडा हवा असेल तर हे पुरेसं आहे. कॉलम वेगळ्या कॅटेगरीत जातात, म्हणून टेकऑफ मल्टी-कॅटेगरी घ्या, नाहीतर कॉलमचे रंगवलेले फेस गळतात. पण भिंतीच्या शेड्यूलला रूमची फील्डच नाहीत. भिंतीच्या कॉमेंट्समध्ये खोलीचं नाव लिहून ठेवायची युक्तीही टिकत नाही, कारण एकाच भिंतीला दोन बाजू असतात आणि लांब भिंत तीन-तीन खोल्यांना पुरते. शिवाय भिंत डिलीट करून नवी काढली की रंगही गेला. रूमच्या प्रॉपर्टीत ‘वॉल फिनिश’ असं फील्ड दिसतं, त्याच्या भरवशावर राहू नका. ते नुसतं लिहायचं फील्ड आहे, त्यातून क्षेत्रफळ येत नाही.

म्हणून भिंत सोडून रूमकडून (रेव्हिटमधल्या खोलीच्या नोंदीकडून) यायचं. रूम शेड्यूलमध्ये कॅल्क्युलेटेड व्हॅल्यू (सूत्राचा रकाना) घ्या आणि टाइप एरिया ठेवा. पेरिमीटर गुणिले अनबाउंडेड हाइट (स्लॅब न बघता रूमला दिलेली उंची) हे सूत्र बहुतेक जण लावतात, पण तिथे स्लॅबची जाडी फुकट मोजली जाते. ३.०० × ३.६० मीटरची बेडरूम घ्या. पेरिमीटर १३.२० मीटर, लेव्हल ते लेव्हल ३.०० मीटर, म्हणजे ३९.६० चौ.मी. स्लॅब १२५ मिमी असेल तर खरी उंची २.८७५ मीटर आणि क्षेत्रफळ ३७.९५ चौ.मी. एका खोलीत १.६५ चौ.मी. जास्त! त्याऐवजी ‘एरिया अँड व्हॉल्यूम कम्प्युटेशन्स’मध्ये व्हॉल्यूम चालू करा आणि सूत्र पेरिमीटर × व्हॉल्यूम ÷ एरिया असं लिहा. व्हॉल्यूमला एरियाने भागलं की स्लॅबच्या तळापर्यंतची उंची मिळते. रूमची वरची मर्यादा मात्र स्लॅबच्या तळाच्या वर हवी. फॉल्स सिलिंग असेल तर उंची तिथेच थांबते. प्लास्टर सिलिंगच्या वरपर्यंत जाणार असेल तर सिलिंगचं ‘रूम बाउंडिंग’ (रूमची हद्द अडवणारी खूण) काढा. त्याच डायलॉगमध्ये रूमची हद्द ‘ॲट वॉल फिनिश’वर आहे ना, तेही बघून घ्या.

लिव्हिंग आणि डायनिंगच्या मध्ये रूम सेपरेशन लाइन (भिंत नसताना दोन रूम वेगळ्या करणारी रेघ) असेल तर ती लाइनही पेरिमीटरमध्ये धरली जाते. ३.३० मीटरची लाइन म्हणजे तिथे नसलेल्या भिंतीचं ९.४९ चौ.मी. प्लास्टर, आणि तेही दोन्ही खोल्यांत. सेपरेशनची लांबी भरायला रूमला एक वेगळं पॅरामीटर ठेवा आणि ती पेरिमीटरमधून वजा करा.

आता मुख्य अडचण. पेरिमीटर दार-खिडकी वगळत नाही, आणि भारतात वजावट आयएस १२०० (बांधकामाच्या मोजमापाचं भारतीय मानक) च्या भाग १२ प्रमाणे होते. ०.५ चौ.मी. पर्यंतच्या ओपनिंगला वजावट नाही. ०.५ ते ३ चौ.मी. मध्ये दोन्ही बाजूंना एकच प्लास्टर असेल तर वजावट एकाच बाजूची, आणि जॅम्ब, सॉफिट, सिल (ओपनिंगच्या आतल्या उभ्या, वरच्या आणि खालच्या बाजू) वेगळे मोजायचे नाहीत. दोन बाजूंचं प्लास्टर वेगळं असेल तर जिकडचा रिव्हील (चौकटीपासून भिंतीच्या कडेपर्यंतचं अंतर) कमी त्या बाजूने वजावट, रिव्हील सारखे असतील तर निम्मी-निम्मी. ३ चौ.मी.च्या वर पूर्ण वजावट, पण जॅम्ब, सॉफिट, सिल मोजून मिळवायचे. रेव्हिट मात्र भिंतीच्या क्षेत्रफळातून प्रत्येक ओपनिंग पूर्ण कापतं.

त्याच बेडरूममध्ये ९०० × २१०० चं दार (१.८९), टॉयलेटचं ७५० × २१०० (१.५७५) आणि १८०० × १२०० ची खिडकी (२.१६) आहे. रेव्हिट ५.६२५ कापून ३२.३३ दाखवेल. नियमाप्रमाणे, रिव्हील सारखे धरून, वजावट २.८१, म्हणजे ३५.१४ चौ.मी. एका खोलीत २.८१ चा फरक. व्हेंटिलेटरकडेही लक्ष द्या: ६०० × ६०० चा ०.३६ मध्ये सुटतो, ६०० × ९०० चा ०.५४ होऊन वजावटीत येतो.

हा नियम रूम शेड्यूलमध्ये बसत नाही, कारण रूमला तिची दारं माहीत नाहीत. दाराला मात्र आपल्या दोन बाजूंच्या खोल्या (‘टू रूम’ आणि ‘फ्रॉम रूम’) माहीत असतात. दरवाज्यांची दोन शेड्यूल करा, एक ‘टू रूम: नंबर’ने ग्रुप केलेलं, दुसरं ‘फ्रॉम रूम: नंबर’ने. खिडक्यांचीही तशीच दोन. प्रत्येकात आधी ओपनिंगचा आकडा काढा: विड्थ भागिले १०००मिमी, गुणिले हाइट भागिले १०००मिमी. असा युनिट काढून निव्वळ नंबर केला नाही तर ‘इनकन्सिस्टंट युनिट्स’ची एरर डोकं खाते. मग वजावटीचं इफ-सूत्र: ३ पेक्षा जास्त तर पूर्ण, ०.५ पेक्षा जास्त तर निम्मं, नाहीतर शून्य. रेव्हिटच्या सूत्रात ‘पेक्षा कमी किंवा समान’चं चिन्ह चालत नाही, म्हणून तुलना ‘पेक्षा जास्त’नेच करा. ३ च्या वरच्या ओपनिंगचे जॅम्ब हाताने मिळवा. साध्या फ्लॅटमध्ये ते बाल्कनीच्या सरकत्या दारालाच लागतात (२४०० × २१०० म्हणजे ५.०४).

चारही शेड्यूल एक्सेलमध्ये काढून खोलीच्या नंबरवर बेरीज घ्या, आणि डायनॅमोने (रेव्हिटमध्ये स्क्रिप्ट चालवायच्या साधनाने) ती रूमच्या ‘वजावट’ पॅरामीटरमध्ये लिहा. एकदा लिहिली की दार हललं तरी आकडा जुनाच राहतो. म्हणून बिल काढायच्या दिवशी स्क्रिप्ट पुन्हा चालवा.

‘टू रूम’ रिकामं दिसलं तर दोष बहुधा फॅमिलीत (दार-खिडकीच्या रेव्हिटमधल्या साच्यात) असतो. प्लास्टरची वेगळी पातळ भिंत काढली असेल तर दाराचा रूम शोधणारा बिंदू त्या भिंतीतच अडकतो. फॅमिली उघडून ‘रूम कॅल्क्युलेशन पॉइंट’ चालू करा आणि बाण खोलीत ओढा. बाहेरच्या खिडकीची एक बाजू रिकामी असणं बरोबर आहे. दाराची ‘विड्थ’ शटरची आहे की ओपनिंगची, हे फॅमिलीगणिक बदलतं. चौकटीबाहेरचं माप हवं असेल तर बऱ्याच फॅमिलीत ते ‘रफ विड्थ’मध्ये असतं.

बीम या हिशेबात येत नाहीत, ते रूमला अडवत नाहीत. १५० च्या ब्लॉक भिंतीवर २३० चा बीम एका बाजूला फ्लश असेल तर दुसऱ्या खोलीत ८० मिमीची सॉफिटची पट्टी निघते. तिची ओळ वेगळी लिहा.

मी दोन रकाने कायम ठेवते, बिलासाठी नियमाचा आणि पुट्टी-प्रायमर मागवायला रेव्हिटचा निव्वळ. निव्वळमध्ये जॅम्ब मिळवल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. आणि शेवटच्या दशांशावरून तपासणाऱ्याशी वाद झाला तर आधी राउंडिंग बघा. रेव्हिट आकडा दिसताना गोल करतं, हिशेब मात्र पूर्ण दशांशांवर करतं. मेजरमेंट शीटमध्ये लांबी-उंची आधीच ०.०१ मीटरला गोल केलेली असते.