उभ्या गाडीला वारा कुठून?

सगळ्याचं मूळ एका आरपीएमच्या काट्यात आहे, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेऱ्या मारतंय ते दाखवणाऱ्या काट्यात. भंगारात निघालेल्या गाडीच्या डॅशबोर्डमधलं ते मीटर माझ्याकडे कसं आलं, हे आता नीटसं आठवत नाही. काच ओरखडलेली, काटा मात्र शाबूत. कित्येक महिने ते माझ्या टेबलावर कागद दाबायला होतं आणि शेजारी कॉम्प्युटरचा काळा, चौकोनी, कुठल्याही कपाटाला शोभेल असा डबा. एक दिवस वाटलं, हे दोघं एकत्र नांदायला काय हरकत आहे? डबाच गाडीसारखा करू.

नवशिका करतो तेच मी केलं, आधी नाकडोळे काढले. पुढे जाळी, वर उघडणारं बॉनेट, दोन हेडलाइट, मागे सायलेन्सरच्या दोन चकचकीत नळ्या. बाबांनी कागद हातात घेतला, लांब धरून बघितला आणि म्हणाले, "रेडिएटर पुढे घेतलास ते बरं केलंस. पण वारा कुठून येणार? गाडी तर उभीच राहणार ना?"

मी पंखे दाखवले. ते "हूं" म्हणाले. त्या "हूं"ने पुढे माझे दोन महिने खाल्ले.

आतल्या पाटीचं माप आपल्या हातात नसतं. एटीएक्स मापाचा मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग जिच्यावर जोडले जातात ती मुख्य पाटी, ३०५ बाय २४४ मिलिमीटरची. हे माप १९९५ साली ठरलं आणि स्क्रूची भोकं अजून तिथंच आहेत. मी बोर्ड इंजिनासारखा आडवा ठेवायचं ठरवलं, तर त्यावरचा प्रोसेसर थंड ठेवणारा कुलरच सोळा सेंटिमीटर उंच. बॉनेट बसेना. शेवटी बॉनेटला भोक पाडून कुलरचं डोकं बाहेर काढलं. शर्यतीच्या काही गाड्यांचं इंजिन असंच पत्र्यातून वर आलेलं असतं, त्यामुळे बघणाऱ्याला ती हौस वाटते. ती नाइलाज होती, हे मी सहसा सांगत नाही.

किल्लीचा किस्सा मात्र सांगतो. कॉम्प्युटरचं चालू करायचं बटण म्हणजे बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडणं, बस. मी हौसेनं गाडीचा इग्निशन स्विच बसवला आणि तारा 'ऑन'च्या जागी जोडल्या. किल्ली फिरवली. पंखे फिरले, दिवे लागले, मी टाळी वाजवणार तोच सगळं बंद. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. बोर्ड गेला असं धरून मी दोन दिवस सुतकात काढले. रॅम काढून घातली, सप्लाय बदलून पाहिला. मग लक्षात आलं की दर वेळी बरोबर चार सेकंदांनी बंद होतंय. चार सेकंद बटण दाबून धरलं की कॉम्प्युटर सक्तीनं बंद होतो, ही त्याची सोयच आहे. आणि 'ऑन'वर किल्ली फिरवली की ती तिथंच राहते, म्हणजे मी बटण दाबून धरल्यासारखंच. तारा काढून पुढच्या 'स्टार्ट'च्या खाचेवर जोडल्या. तिथून किल्ली स्प्रिंगनं आपोआप मागे येते. गाडीतही स्टार्टरला क्षणभरच वीज लागते. दोन यंत्रांची ही सवय एकच, आणि मीच ती विसरलो होतो.

आता तो काटा. त्याच्यासाठी तर सगळा खटाटोप. मी धरून चाललो होतो की मध्ये एखादी छोटी पाटी बसवून आकडेमोड करावी लागणार. पण चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत चारही सिलिंडर एकेकदा पेटतात, म्हणजे एका फेरीला दोन ठिणग्या. जुनं मीटर त्या ठिणग्या मोजतं. आणि कॉम्प्युटरच्या पंख्याची तिसरी तार एका फेरीला किती ठोके देते? दोनच. एक रेझिस्टर लावून तो ठोका बारा व्होल्टपर्यंत वर खेचला, मीटरला दिला, आणि काटा उठला. पंखा हजारावर, काटा एकवर. ना प्रोग्रॅम, ना गुणाकार. त्या रात्री मी उगाचच पंख्याचा वेग कमी-जास्त करत बसलो होतो.

काट्याचा एक दोष आहे. डायल आठ हजारांपर्यंत, आणि माझा पंखा जीव खाऊन पंधराशे. त्यामुळे कॉम्प्युटर कितीही घाम गाळू दे, काटा आपला एक आणि दीडच्या मध्ये, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गल्लीतून चालल्यासारखा. लाल पट्टा त्याने आयुष्यात पाहिलेला नाही.

पाण्याच्या तापमानाचा काटा तर हललाच नाही. गाडीतलं पाणी नव्वद अंशांच्या आसपास खूश असतं. पाणी खेळवून थंड ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या नळ्यांमधलं पाणी चाळिशीत आलं तरी आपण काळजीत पडतो. गाडीच्या हिशेबानं माझं इंजिन कायम थंड, नुकतंच चालू केलेलं. पेट्रोलचा काटा मी हार्ड डिस्कला जोडला. तिथे उलटीच अडचण: टाकी भरली की आनंद, डिस्क भरली की संकट. काटा उलटा फिरवून घेतला. आता 'ई'कडे झुकला की जुने फोटो पुसायला बसतो.

रंगकामानं मात्र मला नमवलं. डेंटिंगवाला पोच्यावर लांबी (पुट्टी) भरतो तशी मीही सांध्यांवर भरली, घासली, प्रायमर मारला, रंग मारला, आणि वाळल्यावर पाहतो तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा. मग पॉलिश पेपर पाण्यात भिजवून चारशे, आठशे, हजार, दोन हजार नंबरपर्यंत घासत जायचं. बोटांवरच्या रेषा जातात, सालीच्या जात नाहीत. तिसऱ्या खेपेला रंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ दिसलं. आणि लगेच, बोर्डाखालचे पितळी खुंट जिथे टेकतात तिथला तोच रंग मला कानशीनं खरवडावा लागला, कारण पेटीचा पत्राच अर्थिंगचं काम करतो आणि रंग वीज अडवतो. गाडीतही बॅटरीची मायनस तार जिथे बॉडीला आवळतात, तिथे पत्रा उघडाच लागतो. पण स्वतः चमकवलेलं स्वतः खरवडताना हे आठवून काही दिलासा मिळत नाही.

आणि मग बाबांचं "हूं" परत आलं. जड गेम लावला की प्रोसेसर नव्वदी गाठायचा. पेपर टिश्यूची पट्टी जाळीसमोर धरली, तर ती जेमतेम आत ओढली जायची. माझ्या देखण्या जाळीच्या पट्ट्या इतक्या रुंद की अर्धा पंखा त्यांच्याच मागे. गाडी धावताना वारा समोरून धडकतो, तिची जाळी थोडी कंजूष असली तरी चालतं. सिग्नलला थांबल्यावर तिलाही पंखा लावावाच लागतो. आणि कॉम्प्युटर म्हणजे जन्मभर सिग्नलला उभी असलेली गाडी. मागच्या चकचकीत नळ्यांनी तर गरम हवेचा गळाच धरला होता.

पाणी खेळवून कॉम्प्युटर थंड करायचं खूळ नवं होतं, तेव्हा हौशी लोक गाडीच्या हीटरचा जुना रेडिएटर काढून वापरायचे. दिसायला ओबडधोबड, पण कामाचा. उलट २००९ साली बीएमडब्ल्यूच्या डिझाइनवाल्यांनी थर्मलटेक कंपनीसाठी लेव्हल टेन नावाची कॉम्प्युटरची पेटी केली, तर तिला ना जाळी, ना हेडलाइट. प्रत्येक तापणारा भाग वेगळ्या खणात. गाडीवाल्यांना गाडीतलं काय उचलायचं ते ठाऊक होतं. मी मुखवटा उचलला होता.

जाळीची एकाआड एक पट्टी कापली. समोरून आता ती दात पडल्यासारखी दिसते. नळ्यांपैकी एक काढून टाकली, दुसरीतून केबल बाहेर येतात. तापमान उतरलं, पण मनासारखं नाही. शेवटचे सहा अंश एका साध्या उपायानं गेले: बॉनेट उचलून त्याच्या सळईवर टेकवून ठेवायचं.

त्यामुळे ते उघडंच असतं. घरी येणारा प्रत्येक जण ते पाहून आधी थबकतो, रस्त्याच्या कडेला कुणाची गाडी बंद पडलेली दिसल्यावर थबकतो तसा. मग आत डोकावून, आवाज जरा खाली आणून विचारतो, "काय झालं? गरम झाली का?"

"नाही, गाणी लावलीत," मी म्हणतो. बाबा पेपरमागून "हूं" म्हणतात.